माउंट केनिया: उत्तरेकडून वर, पूर्वेकडून खाली

नैरोबी ते नान्युकी

आफ्रिकेत ट्रेक म्हटला की आपल्याकडची मंडळी किलिमांजारोला जातात. उंचीत त्याच्या खालोखाल माउंट केनिया. आम्ही हा निवडला तो भाच्यामुळे. तो नोकरीसाठी नैरोबीत असतो. पूर्वेच्या चोगोरिया बाजूने तो एकदा थोडा वर जाऊन आला, आणि तेव्हापासून फोनवर ‘मामी, ती दरी तू बघायलाच हवीस’ हे पालुपद सुरू झालं. जानेवारीच्या अखेरीस माझी नणंद, म्हणजे त्याची आई, आणि मी मुंबईहून निघालो.

या डोंगराला मुख्य शिखरं तीन. बाटियान (५१९९ मीटर) आणि नेलियन (५१८८ मीटर) हे उभे सुळके आहेत, तिथे दोर लावून प्रस्तरारोहण करावं लागतं. आपल्यासारख्या चालणाऱ्यांसाठी पॉइंट लेनाना, ४९८५ मीटर. वर जायच्या वाटाही प्रामुख्याने तीन: पश्चिमेकडून नारो मोरू, वायव्येकडून सिरिमॉन आणि पूर्वेकडून चोगोरिया. आम्ही सिरिमॉनने चढून चोगोरियाने उतरलो. ज्यांना जायचंय त्यांना मी हेच सांगेन. ज्या वाटेने चढलात त्याच वाटेने उतरलात, तर अर्धा डोंगर बघायचा राहतो.

नैरोबीहून थिका, सगाना, कराटिना करत दुपारपर्यंत नान्युकीला पोचलो. विषुववृत्त गावाला लागूनच जातं, रस्त्याकडेला त्याची पाटी आहे. नान्युकीची उंची १९०० मीटरच्या वर. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे ट्रेक सुरू व्हायच्या आधीच आम्ही महाराष्ट्राच्या सगळ्यात उंच शिखराच्याही वर बसून चहा पीत होतो.

संध्याकाळी गाईड भेटायला आला. चोगोरियाचा, पन्नाशीचा, बोलायला मोजका. आल्याआल्या त्याने आमच्या सॅक खोलीत रिकाम्या करायला लावल्या आणि एकेक वस्तू हातात घेऊन बघितली. नणंदेचे हातमोजे त्याने बाजूला काढले आणि स्वतःच्या पिशवीतून जाड लोकरी जोड दिला. आमच्या प्लास्टिकच्या पिशव्या तर सगळ्याच बाहेर काढल्या.

हे आधी माहीत असलेलं बरं. केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, आणि २०२० पासून राष्ट्रीय उद्यानांत एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटल्याही चालत नाहीत. कपडे गुंडाळायला कापडी किंवा जाड ड्राय बॅग घ्या, पाण्यासाठी स्टीलची बाटली. आणखी एक महत्त्वाचं: केनियातून भारतात परतताना यलो फीव्हरच्या लशीचा दाखला लागतो. लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्यायची. दाखला नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरणात जावं लागू शकतं. केनियाची प्रवेश परवानगी, ई-टीए, ऑनलाइन मिळते.

सिरिमॉन ते ओल्ड मोझेस

सिरिमॉन गेट २६५० मीटरवर आहे. तिथून ओल्ड मोझेस कॅम्पपर्यंत, म्हणजे ३३०० मीटरपर्यंत, जीपचा रस्ताच जातो. चढ सौम्य आणि दोन्ही बाजूंना पोडोकार्पसची उंच झाडं. ही बाजू कोरडी. इतर बाजूंना बांबूचा घनदाट पट्टा लागतो तसा इथे नाही, त्यामुळे जंगल लवकर संपतं आणि मोकळं गवताळ माळरान सुरू होतं.

पहिल्या तासातच गाईडने चाल ठरवून दिली. इतकी मंद, की सह्याद्रीत चालायची सवय असलेल्या पायांना ती सुरुवातीला अवघडच जाते. आपण समुद्रसपाटीवरून येतो आणि हा डोंगर फार भराभर उंची गाठतो. इथे उंचीचा त्रास होतो तो बहुधा या घाईमुळेच. गाईड पुढे, मध्ये आम्ही तिघं, शेवटी त्याचा तरुण मदतनीस. मदतनिसाचं लक्ष सतत आमच्या पावलांवर. नणंद दोनदा अडखळली, तेव्हा काही न बोलता त्याने तिची सॅक स्वतःच्या सॅकवर अडकवली.

दुपारी ढग आले. वर पोचेपर्यंत गारठा चांगलाच वाढला होता. कॅम्पच्या खालच्या उतारावर इलँडचा कळप चरत होता. हे आफ्रिकेतलं सर्वांत मोठ्या जातीतलं हरीण, चालीत कसलीही घाई नसलेलं.

जेवणाबद्दल सविस्तर सांगते, कारण शाकाहारी मंडळी हाच प्रश्न आधी विचारतात. आमच्या स्वयंपाक्याने रात्री चपाती आणि ‘न्देंगू’ वाढलं, म्हणजे हिरव्या मुगाची दाट उसळ. केनियात चपाती घरोघरी होते. भारतातून रेल्वेच्या कामासाठी आणि व्यापारासाठी आलेल्या लोकांबरोबर ती इथे पोचली आणि इथलीच झाली. आपल्यापेक्षा जाड, तेल सढळ, पदर सुटलेले. सकाळी ‘उजी’, नाचणीची पेज. नाचणी हे मुळात पूर्व आफ्रिकेच्याच डोंगराळ भागातलं धान्य, तिथून ते फार जुन्या काळी आपल्याकडे आलं. नणंदेने दुसऱ्यांदा पेज मागून घेतली आणि हातवारे करत स्वयंपाक्याला आंबील कशी करतात ते समजावलं. तो मन लावून ऐकत होता, ताक नेमकं कधी घालायचं हे त्याने पुन्हा विचारून घेतलं. उकडलेल्या अळकुड्या तर रोज चहासोबत. घरून आणलेले थेपले आणि चिवडा आम्ही शेवटी पोर्टर मंडळींना वाटले. इथे खाण्याचं ओझं नेऊ नका, सुकामेवा आणि लिमलेटच्या गोळ्या पुरेत.

मॅकिंडर व्हॅली

ओल्ड मोझेसहून शिप्टन्स कॅम्पपर्यंतचा दिवस लांबचा आहे, सहा-सात तासांची चाल. आधी ओंतुलिली, मग लिकी नॉर्थ हे दोन प्रवाह ओलांडायचे. मग एक धार चढून मॅकिंडर व्हॅलीत उतरायचं. धारेवर पोचलो आणि सुळके पहिल्यांदा पूर्ण दिसले. काळा कातळ, मधल्या घळीत बर्फ. हा डोंगर म्हणजे सुमारे तीस लाख वर्षांपूर्वीचा ज्वालामुखी. मूळ मुख, त्याच्या कडा, वरचा भाग सगळं झिजून गेलं. मुखाच्या नळीत थिजलेला लाव्हा तेवढा कठीण म्हणून टिकला. बाटियान आणि नेलियन म्हणजे तो गाभा.

पण या दिवशी माझी नजर सुळक्यांपेक्षा झाडांवर जास्त होती. दरीत शिरल्यावर जायंट ग्राउंडसेल सुरू होतात. पुरुष-दोन पुरुष उंचीचं जाड खोड आणि टोकाला मोठ्या पानांचा कोबीसारखा गड्डा. वाळलेली पानं गळून पडत नाहीत, खोडालाच चिकटून राहतात. हे झाड त्या वाळक्या पानांच्या जाड थरात स्वतःला गुंडाळून घेतं, म्हणून आतलं पाणी गोठत नाही. विषुववृत्तावर चार हजार मीटरवर ऋतू वर्षाचे नसतात, दिवसाचे असतात. दुपारी ऊन भाजून काढतं आणि त्याच रात्री पारा शून्याखाली जातो. हे बारा महिने. इथल्या प्रत्येक झाडाला रोज गोठणं आणि रोज वितळणं सोसावं लागतं.

लोबेलियाच्या दोन जाती शेजारी शेजारी दिसतात आणि दोघींचा उपाय वेगळा. टेलेकी लोबेलियाचा तुरा लांब केसाळ पानांनी पूर्ण झाकलेला असतो, आतली फुलं बोटांनी केस बाजूला सारल्याशिवाय दिसतही नाहीत. दुसरी जात पानांच्या वाटीत पाणी साठवते. गाईड म्हणाला, ही उद्या पहाटे बघा.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो आम्हाला कॅम्पमागे घेऊन गेला. वाटीतल्या पाण्यावर बर्फाची चकती होती. त्याने ती अलगद उचलली. खाली पाणी तसंच, आणि पाण्याखाली मधला कोवळा कोंब हिरवागार. वरचं पाणी गोठलं की खालच्याची थंडी रोखली जाते आणि कोंब वाचतो. बघून झाल्यावर त्याने चकती परत जागेवर ठेवली. हा माणूस कितीतरी वर्षं हेच दाखवत असेल, तरी त्याच्या हातात तेवढीच हळुवार काळजी होती.

शिप्टन्स कॅम्प

शिप्टन्स कॅम्प ४२०० मीटरवर, थेट सुळक्यांच्या पायथ्याशी. एरिक शिप्टन आणि विन-हॅरिस यांनी १९२९ मध्ये नेलियनवर पहिली चढाई केली. बाटियानवर त्याच्या ३० वर्षं आधी, १८९९ मध्ये, हॅलफोर्ड मॅकिंडर दोन गाईडांसह पोचला होता. शिखरांना नावं त्यानेच दिली, ती मसाई धर्मगुरूंची. बाटियान हे नाव म्बातियानवरून आलं, आणि लेनाना हा त्याचा मुलगा.

इथे एक जादा दिवस ठेवाच. खर्च थोडा वाढतो, पण आमच्या सगळ्या नियोजनातला हा सर्वांत योग्य निर्णय होता. सकाळी दोनेकशे मीटर वर चढून यायचं, दुपारी कॅम्पवर बसून पाणी प्यायचं आणि रात्री झोप. भाचा दर तासाला ‘मामी, पाणी’ म्हणत बाटली पुढे करायचा. डायमॉक्स, म्हणजे उंचीचा त्रास टाळायची गोळी, घ्यायची की नाही हे निघण्याआधी डॉक्टरांशी बोलून ठरवा. आम्हा दोघींना डॉक्टरांनी वेगवेगळा सल्ला दिला होता, त्यामुळे दुसऱ्याचं बघून घेऊ नका.

कॅम्पभर हायरॅक्स फिरतात. सशाएवढे, गुबगुबीत, शेपटी नसलेले. हत्ती हा त्यांच्या जवळच्या नातेवाइकांपैकी एक आहे हे ऐकून नणंदेचा विश्वास बसेना. ते माणसांना अजिबात भीत नाहीत आणि उघडी सॅक दिसली की आत शिरतात. त्यांना खायला घालू नका.

नैरोबीच्या एका शाळेतल्या शिक्षिकांचा गट तिथे भेटला. त्यांतल्या एकीचं माहेर नेरीकडचं, किकुयू. किकुयू लोक या डोंगराला किरिन्यागा म्हणतात, त्यांचा देव न्गाई इथे राहतो. तिची आजी रोज पहाटे अंगणात डोंगराकडे तोंड करून, दोन्ही हात उंचावून प्रार्थना करायची. ‘आजीच्या सगळ्या आयुष्यात ती इथे आली नाही,’ ती म्हणाली, ‘यायचं असतं असं तिला कधी वाटलंच नाही.’ ही मात्र आली होती, विद्यार्थ्यांना भूगोल शिकवते म्हणून. तिने वहीत हिमनद्यांची चित्रं काढली होती, आजूबाजूच्या कड्यांसकट, म्हणजे पुढच्या वर्षी येऊन ताडून बघता येईल.

गोष्टींची ती रात्रच होती. १९४३ च्या जानेवारीत नान्युकीजवळच्या ब्रिटिश छावणीतून तीन इटालियन युद्धकैदी पळाले, ते केवळ हा डोंगर चढायला. सामान छावणीत लपूनछपून बनवलेलं. डोंगराचं चित्र हाताशी होतं ते मांसाच्या डब्याच्या वेष्टणावरचं. बाटियान त्यांना जमलं नाही. दोघांनी लेनानावर झेंडा लावला आणि तिघेही परत येऊन आपण होऊन छावणीत हजर झाले. गाईडने हे इतकं तपशिलात सांगितलं की तंबूतलं जेवण थंड झालं.

त्या संध्याकाळी नणंदेचं डोकं दुखायला लागलं. गाईडने तिला बाहेर सरळ रेषेत चालायला लावलं, बोटाला ऑक्सिमीटर लावला, काय खाल्लं ते विचारलं. धोका नव्हता. तिनेच शांतपणे सांगून टाकलं, ‘मी शिखरावर येत नाही. मला पलीकडची दरी बघायची आहे.’ आणि तशी सोय असते, हे फार कमी लोक सांगतात. पोर्टर मंडळी शिखरावर जातच नाहीत. ती सकाळी उजेडात सिंबा कोल या खिंडीतून पूर्वेला उतरतात. खिंडीची उंची सुमारे ४६०० मीटर. ज्याला लेनाना करायचं नाही, पण आलेला त्रास हलका आहे आणि सकाळी बरं वाटतंय, त्याला गाईडच्या सल्ल्याने त्यांच्याबरोबर जाता येतं. त्रास वाढला तर मात्र एकच मार्ग, आल्या वाटेने लगेच खाली.

पॉइंट लेनाना

रात्री अडीचला निघालो, भाचा, मी आणि गाईड. सुरुवातीपासूनच घसारा. दोन पावलं वर, एक पाऊल मागे. हेडटॉर्चच्या उजेडात पुढच्याच्या टाचा तेवढ्या दिसतात. गाईड दर काही मिनिटांनी थांबून माझं नाव घेऊन हाक मारायचा आणि पूर्ण वाक्यात उत्तर द्यायला लावायचा. बोलणं अडखळलं तर त्याला कळावं म्हणून.

हॅरिस टार्न या तळ्याच्या वर बर्फ लागला. जानेवारीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे उत्तरेची बाजू सावलीत राहते आणि बर्फ टिकतो. जुलै-ऑगस्टमध्ये बरोबर उलट. शेवटच्या कातळावर लोखंडी पायऱ्या आणि तारा बसवल्या आहेत. जाड मोजे घातलेल्या हातांनी तार नीट धरता येते, पण थंड लोखंडाला उघडा हात लावू नका.

वर पोचलो तेव्हा पूर्वेला केशरी पट्टा उमटत होता. साडेसहाच्या सुमारास सूर्य आला आणि समोर, आमच्याहून दोनशे मीटर उंच, नेलियनचा सगळा कातळ तांबूस झाला. बाटियान त्याच्या मागे. मधल्या खिंडीला मॅकिंडरने ‘गेट ऑफ द मिस्ट्स’ म्हटलं आहे. केनिया स्वतंत्र झाला त्या १९६३ च्या डिसेंबरात किसोई मुन्याओ या गिर्यारोहकाने याच पर्वतावर नव्या देशाचा झेंडा फडकवला होता.

मग गाईडने खाली बोट दाखवलं. लुइस हिमनदी. उरलेला करडा, चिरा पडलेला तुकडा. या पर्वतावरची ही सगळ्यात मोठी हिमनदी समजली जायची. तो तरुणपणी पोर्टर म्हणून यायचा, तेव्हा बर्फ कुठपर्यंत होता ते त्याने हात फिरवून दाखवलं. आता तिथे उघडा खडक आणि एक तळं. तो म्हणाला, ‘माझ्या मुलाला मी हे काम शिकवतोय. तो गाईड होईल तेव्हा इथे दाखवायला बर्फ नसेल.’ मला काही बोलता आलं नाही. भाच्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

गॉर्जेस व्हॅली

सिंबा कोलच्या पलीकडे, हॉल टार्न्सच्या तळ्यांपाशी नणंद आमची वाट बघत बसली होती. चेहरा टवटवीत, हातात चहा, आजूबाजूला पोर्टर. खिंड तिने कुणाचाही हात न धरता पार केली होती. तिथून दोनशे पावलांवर जमीन एकदम संपते.

या कड्याचं नाव टेम्पल. खाली सुमारे तीनशे मीटर सरळ उभी भिंत, तळाशी लेक मायकेलसन, आणि तळ्यातून निघालेला प्रवाह दूरवर दरीत शिरत गेलेला. हिमनदीने कोरलेली ही दरी. भाचा इतकी वर्षं फोनवर जे सांगत होता ते हे. तो आईशेजारी उभा राहिला आणि त्याने काहीही समजावून सांगितलं नाही.

त्या दुपारी आम्ही वळसा घालून तळ्याकाठी उतरलो आणि तिथेच तंबू ठोकले. दरीच्या तोंडाशी ग्राउंडसेलची राई, त्यात सनबर्ड. हिरवेगार चमकणारे, लांब शेपटीचे पक्षी लोबेलियाच्या तुऱ्यांत चोच खुपसत होते. तीनच्या सुमाराला गारा पडल्या, अर्ध्या तासात ऊन आलं, आणि चहूबाजूंच्या कड्यांवरून पाण्याच्या बारीक धारा सुटल्या. लेनानावर मी फार तर वीस मिनिटं होते. इथे पुढची सकाळ होईपर्यंत होते, आणि एवढ्या लांब येण्याचं सार्थक मला इथे वाटलं. काही मंडळी शिखर करून घाईने त्याच दिवशी ही दरी वरच्या वर ओलांडून जातात. तसं करू नका.

चोगोरिया आणि म्वेआ

उतरताना कड्याची वाट धरली. खाली जाल तशी दोन्ही बाजूंची झाडीच बदलत जाते. आधी हीदरची पुरुषभर उंच झुडपं, मग दाढीसारखं शेवाळ लोंबणारी हागेनियाची झाडं, मग बांबू. पूर्वेची बाजू ओली. वाटेवर हत्तीची ताजी लीद होती. मदतनीस पुढे झाला, टाळ्या वाजवत, मोठ्याने बोलत चालू लागला. रानरेडा अचानक समोर येऊ नये म्हणून.

गेटपासून चोगोरिया गावापर्यंत सुमारे ३० किलोमीटरचा जंगलातला कच्चा रस्ता आहे. पाऊस झाला की फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीलाही जड जातो, म्हणून त्या दिवशी रात्रीचं विमान ठेवू नका. जंगल संपतं तिथे चहाचे मळे सुरू होतात. बक्षिसी आम्ही गावात, प्रत्येकाच्या हातात वेगळी दिली. गाईडकडे एकत्र देण्यापेक्षा हेच बरं. केनियन शिलिंगच्या सुट्या नोटा आधीच काढून ठेवा. स्वयंपाक्याने नणंदेकडून आंबिलीची कृती शेवटी कागदावर लिहून घेतली.

नैरोबीचा परतीचा रस्ता एंबूवरून म्वेआला येतो, आणि तिथे दोन्ही बाजूंना भातखाचरं लागतात. केनियातला बराचसा तांदूळ इथला. खाचरांना पाणी थिबा आणि न्यामिंदी नद्यांचं, दोन्ही माउंट केनियाच्या उतारावरून येणाऱ्या. रस्त्याकडेला बायका पिशोरी तांदळाची पोती उघडून बसतात. नणंदेने गाडी थांबवली, मूठभर तांदूळ तळहातावर घेतला, वास घेतला, दोन दाणे चावून बघितले. विकणारी बाई हसली आणि दुसऱ्या पोत्यातला जुना तांदूळ काढून दिला. पाच किलो घेतला. त्या रात्री भाच्याच्या घरी आमटी-भात झाला, आणि दाणा इतका सुवासिक, मोकळा शिजला की दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने शेजाऱ्यांसाठी आणखी दहा किलो मागवला.